पायमोजे घातलेल्या दहा कोंबड्या

कोंबडीला वडिलांचं नाव लागतं, हे मला पशुसंवर्धन कार्यालयाच्या खिडकी क्रमांक चारवर कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की कोंबडी अंड्यातून येते आणि चौकशी तिथेच थांबते. पण ‘नमुना क’ नावाच्या सहा पानी अर्जातला नववा रकाना, ‘पित्याचे नाव व हयात असल्यास पत्ता’, मी कोरा सोडला होता. खिडकीतल्या कारकुनाने त्याभोवती पेन्सिलीने गोल काढून अर्ज मला परत सरकवला. कोंबड्याला नाव कुठून आणू, असं मी नम्रपणे विचारलं. तो तुमचा घरगुती प्रश्न आहे, असं म्हणून त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

मला राग आला नाही. मी स्वतः वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे आणि पेन्सिलीने गोल काढण्यातलं सुख मला ठाऊक आहे. बाजारातल्या तराजूंवर आणि वजनांवर खरेपणाचा शिक्का मारणं हे माझं काम. इतक्या वर्षांत मी हजारो निर्जीव वस्तू खऱ्या ठरवल्या, पण माझ्यावर तसा शिक्का कुणी मारला नाही. सासऱ्यांनी तर नाहीच नाही.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. चाळीस वर्षं त्यांनी पादत्राणांचं दुकान चालवलं. त्यामुळे माणूस भेटला की ते आधी त्याचे पाय बघतात आणि मग तोंडापर्यंत वर यायचं की नाही ते ठरवतात. मला पसंत करायला आले तेव्हा माझ्या तोंडाकडे त्यांनी निघतानाच पाहिलं होतं, तेही दार कुठे आहे हे विचारण्यासाठी.

तर हे अण्णा एका रविवारी आमच्या हॉलमध्ये चहा पीत बसले होते. समोरची भिंत अर्धी पिवळी आणि अर्धी पांढरी आहे. नऊ वर्षांपूर्वी मी ती रंगवायला घेतली आणि अर्ध्यावर ब्रश वाळला. भिंतीला टेकून तीन फळ्यांचं होऊ घातलेलं, पण दीड फळीवर थांबलेलं फडताळ आहे. त्यावर मी स्वतः घरी कोरलेली, चार भोकांची बासरी आहे. अण्णांनी हे सगळं डावीकडून उजवीकडे पाहिलं, कप खाली ठेवला आणि लेकीला म्हणाले, “जावईबापूंनी सुरू केलेलं मोजू नये. संपवलेलं मोजावं. एका हाताची बोटंसुद्धा उरतात.”

बायको हसली. ती औषधांच्या दुकानात कामाला असते आणि तिथे दिवसभर हसायला काही नसतं, हे मी समजू शकतो. तरीही ते हसणं मला लागलं. त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं की आता एक तरी गोष्ट अशी धरायची की जी शेवटास जाईल, जिच्यावर सरकारी शिक्का बसेल आणि जी अण्णांच्या नाकासमोर फ्रेम करून टांगता येईल, शक्य झाल्यास त्याच भिंतीच्या पांढऱ्या भागावर.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर मला राखपायी भेटली. राखपायी ही कोंबड्यांची एक जुनी, जातिवंत आणि अत्यंत दुर्मीळ जात. पशुसंवर्धन कार्यालयात तिची नोंदवही आहे आणि कित्येक वर्षांत त्या वहीत एकही नोंद झालेली नव्हती. यंदाच्या तपासणीपर्यंत कुणी दहा पूर्ण वाढलेल्या, शुद्ध राखपायी दाखवल्या नाहीत तर वही बंद करून जात नामशेष झाल्याचा शेरा मारला जाणार होता. एखादी गोष्ट कागदावर मेली की ती जिवंत असून काही उपयोग नसतो, हे मी आमच्या खात्यात पाहिलं आहे. मी माहितीपुस्तिका मागवली. चौदा पानं होती. राखी पिसारा, डोक्यावर बसका तुरा, पाय थेट नखांपर्यंत दाट पिसांनी झाकलेले, आणि त्या पिसांत दडलेली पाच बोटं. इतर कोंबड्यांना चार असतात, हिला पाच. हीच जातीची मुख्य खूण, असं पुस्तिकेत लिहिलं होतं आणि त्या ओळीखाली मी लाल रेघ ओढली.

मग मी एका पैदासतज्ज्ञाकडून एक कोंबडा आणि दोन कोंबड्या आणल्या. किंमत बायकोला सांगितली नाही, त्यामुळे इथेही सांगता येत नाही. तज्ज्ञाने शुद्धतेचं प्रमाणपत्र दिलं. त्यात ‘पायाची बोटे : पाच’ असं स्वच्छ टंकलेलं होतं आणि खाली सोनेरी शिक्का होता. शिक्का ठसठशीत होता, कडा स्वच्छ होत्या आणि शाई कुठे पसरलेली नव्हती. शिक्क्यातलं मला कळतं. कोंबड्यांकडे मी त्यानंतर ओझरतं पाहिलं.

अण्णा त्यांना बघायला वर आले. गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले आणि जोड्याचा पुढचा भाग दाबून बघावा तसा त्यांनी कोंबड्याचा पाय चाचपला. मग दोन्ही कोंबड्यांचे चाचपले. शेवटी “हं” म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले. तो ‘हं’ मला आठवडाभर पुरला. माणसाने एवढा मोठा संकल्प करावा आणि घरच्या वडीलधाऱ्याने त्याची एका अनुस्वारात बोळवण करावी, याला काय म्हणावं?

अंडी झाली. ती उबवायला दोन्ही कोंबड्यांनी साफ नकार दिला. आपली जात बुडते आहे याची त्यांना काडीइतकी फिकीर नव्हती. शेवटी अण्णांनीच दुकानातलं गुडघाभर उंचीच्या बुटांचं एक जुनं खोकं वर पाठवून दिलं. त्यात मी बल्ब लावला, बायकोने दुकानातून थर्मामीटर आणलं आणि शेजाऱ्यांनी सल्ले आणले. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरीणबाई म्हणाल्या की अंडी ठरल्या वेळी उलटायला हवीत, नाहीतर पिल्लांना आयुष्यभर शिस्त लागत नाही. त्यांनी शाळेची पितळी घंटा दिली, आणि एकवीस दिवस आम्ही घंटेवर अंडी उलटली. शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी खोक्याला आतून मखमलीचं अस्तर लावलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी प्रत्येक अंड्यावर टॉर्च मारून एकात कीड असल्याचं निदान केलं. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत. समोरच्या माणसाचं तोंड उघडं ठेवून त्याच्याशी बोलायची सवय असल्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा नसते.

कीड लागलेल्या अंड्यासकट सात पिल्लं निघाली. तीन आणि सात दहा. मला हॉलमध्ये एकट्यानेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी त्या वाजवल्या. बायकोने विचारलं, संपलं का आता? मी म्हटलं, आता तर सुरुवात आहे. ती भिंतीच्या पांढऱ्या भागाकडे बघत राहिली.

पिल्लं मोठी झाली आणि सोसायटीची नोटीस आली. नियम असा की एका सदनिकेत जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी. मी सेक्रेटरींना भेटलो. माझ्या तोंडात काही नसतानाही त्यांनी मला बोलू दिलं नाही. दुर्मीळ जातीचं सरकारी प्रमाणपत्र असेल तर दोनाची अट शिथिल होते, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. मी खिडकी क्रमांक चारवर गेलो. कारकून म्हणाला, आधी दहा कोंबड्या दाखवा, मग प्रमाणपत्र. म्हणजे प्रमाणपत्राशिवाय दहा कोंबड्या ठेवता येत नव्हत्या आणि दहा कोंबड्यांशिवाय प्रमाणपत्र मिळत नव्हतं. आधी कोंबडी की आधी अंडं, हा प्रश्न लोक गंमत म्हणून विचारतात. मी तो दोन कार्यालयांत रांगेत उभं राहून विचारला.

पण नियमातून वाट काढायची तर नियमवालाच हवा. घरी येताना जिन्यात मला सुचलं की सदनिकेला दोन, तर पाच सदनिकांना दहा. दोन आमच्याकडे, दोन अण्णांकडे, दोन हेडमास्तरीणबाईंकडे, दोन काकूंकडे आणि दोन खुद्द सेक्रेटरींकडे. त्यांना नकार देता येईना, कारण योजना त्यांच्याच नियमात चपखल बसत होती, शिवाय अंडी ज्याच्या घरी पडतील त्याची होती. अण्णांकडे मी बिचकतच गेलो. ते फक्त एवढंच म्हणाले, “कोणत्या दोन द्यायच्या त्या द्या. मला सगळ्या सारख्याच.” हाही टोमणा मी नोंदवून ठेवला.

तिथून पुढे माझ्या कोंबड्यांना पाच वेगवेगळी वळणं लागत गेली. कोंबडा सेक्रेटरींकडे होता. पहिल्याच सकाळी तो दवाखान्यात आरवला आणि दाढ भरून घेणाऱ्या एका गृहस्थाने दचकून डॉक्टरांचं बोट चावलं. तेव्हापासून पेशंट असेपर्यंत कोंबड्यावर टोपली असे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्यांना मी नोटिशीच्या उत्तरात लेखी कळवलं. हेडमास्तरीणबाईंच्या दोन कोंबड्या घंटा वाजल्याशिवाय दाण्याला तोंड लावीनाशा झाल्या. बाई दर महिन्याला मला प्रगतिपुस्तक पाठवत. त्यात एकीची वर्तणूक ‘समाधानकारक’ होती आणि दुसरीच्या नावापुढे ‘खिडकीबाहेर लक्ष, पालकांनी भेटावे’ असं होतं. मी भेटलो. वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि यापुढे घरी लक्ष देईन असं आश्वासन दिलं.

काकूंचं प्रकरण वेगळं. पुस्तिकेत म्हटलं होतं की तपासणीसाठी पायांची पिसं स्वच्छ राखावीत. फरशी म्हटली की धूळ आलीच. काकूंनी एका दुपारीत दहाही जणांना पायमोजे शिवून टाकले. राखाडी रंगाचे, वर इलॅस्टिक, खाली तीन नख्यांना तीन भोकं आणि मागच्या बाजूला ऐसपैस टाच. प्रत्येकीचा क्रमांक लाल दोऱ्याने मोज्यावर भरलेला होता. धुतला तर बदलायला एकेक जादा जोडही होता. मला योजना इतकी आवडली की मी क्रमांक नोंदवहीत चढवले आणि कोंबड्या मोज्यांवरून ओळखायला लागलो. बायको म्हणाली, “अहो, तोंडं वेगळी आहेत की त्यांची.” मी म्हटलं, तोंडावर शिक्का मारता येत नाही.

दर रविवारी मी वजनफेरी काढत असे. हातात खात्याचा, माझ्याच शिक्क्याचा तराजू आणि काखेत वही. पाचही घरं घ्यायची, प्रत्येक कोंबडी तोलायची, वजन लिहायचं आणि पायांच्या रकान्यात ‘पाच बोटे, प्रमाणपत्रानुसार’ असं लिहायचं. दहा कोंबड्या आणि तीस रविवार. हे वाक्य मी तीनशे वेळा लिहिलं. मोजे काढून बघण्याची गरज मला एकदाही वाटली नाही, कारण शिक्का मारलेली गोष्ट पुन्हा तपासणं हा आमच्या खात्यात शिक्का मारणाऱ्याचा अपमान समजतात.

तपासणीला तीन आठवडे उरले असताना एका रविवारी अण्णांकडची सात नंबरची कोंबडी एकदम पाव किलोने वाढली. मी दोनदा तोलली. ती माझ्याकडे अनोळखी नजरेने बघत होती, पण कोंबड्या एरवीही माझ्याकडे तशाच बघतात. अण्णा खिडकीत पाठमोरे उभे होते. म्हणाले, “खाते बरी हल्ली.” मी खजील झालो. माझ्या शिक्क्याचा तराजू चुकला होता! सोमवारी मी तो कार्यालयात नेला, सहकाऱ्यांसमोर चाचणीला लावला आणि बरोबर निघाला तरी मनाच्या समाधानासाठी नवा शिक्का मारून घेतला. कोंबडी चुकीची असू शकते, ही शक्यता आमच्या नियमावलीत नव्हती.

तपासणीच्या दिवशी दहाही जणी आमच्या हॉलमध्ये जमल्या. कोंबड्याला टोपलीतून बाहेर काढलं. सोबत पाचही घरं आली. काकूंनी मोज्यांना इस्त्री केली होती. हेडमास्तरीणबाई घंटा घेऊन बसल्या होत्या आणि सेक्रेटरींनी सोसायटीतर्फे हरकत नसल्याचं पत्र आणलं होतं. मी ऑफिसचा कोट घातला आणि फ्रेम आधीच आणून भिंतीला खिळा मारून ठेवला होता. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, आणि मला आश्चर्य वाटलं ते हे की त्यांनी आज कुणाचेच पाय बघितले नाहीत. माझ्या विजयाची ही पहिली खूण असं मी धरून चाललो.

पशुधन अधिकारी बाई ठरल्या वेळी आल्या. चहा नंतर, म्हणाल्या. जमिनीवरच बसल्या, एक नंबरची कोंबडी मांडीवर घेतली, पिसारा पाहिला, तुरा पाहिला आणि मग तिच्या पायांकडे वळल्या.

“हे काय आहे?”

“पायमोजे,” मी अभिमानाने म्हणालो. “पुस्तिकेतल्या पान सहाप्रमाणे.”

त्यांनी मोजा काढला, पिसं बाजूला केली आणि वहीत काहीतरी लिहिलं. दोन नंबर. मोजा काढला, लिहिलं. तिसरीला त्यांनी मलाच जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “तुम्ही मोजा.” मी वाकलो. तीन पुढे, एक मागे. चार. मी पुन्हा मोजली. एकोणतीस वर्षं मोजण्याचं काम केलेल्या माणसाने चारपर्यंत दोनदा मोजून पाहावं, याहून मोठी मानहानी मला सुचत नाही. मी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र पुढे केलं. बाईंनी ते वाचलं, मग कोंबडीकडे पाहिलं आणि ते शांतपणे माझ्या हातात परत दिलं. त्यांनी कोंबडीवर विश्वास ठेवला.

चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या चार. मोज्यांचा ढीग वाढत होता. काकू हळूच त्यांच्या जोड्या लावत होत्या. हेडमास्तरीणबाईंनी घंटेचा लोळा हातात धरून ठेवला होता, चुकून वाजायला नको म्हणून. सेक्रेटरी आयुष्यात पहिल्यांदाच गप्प होते. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होतो. फडताळ, बासरी, भिंत आणि आता कोंबड्या. मला खरंच रडू येत होतं, आणि ते कोंबड्यांसाठी नव्हतं.

मग बाईंनी सात नंबर घेतली. मोजा काढला आणि पिसं बाजूला केली. तिला खिडकीजवळ उजेडात नेलं. दुसरा मोजा काढला. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

“ही कुठून आणली?”

मी म्हणालो, ती इथेच जन्मली, बुटाच्या खोक्यात, घंटेवर. बाई म्हणाल्या की ते शक्य नाही. हिला पाच बोटं आहेत, आणि वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जिवंत राखपायी आज पहिल्यांदा पाहिली. चार बोटांच्या आईबापांपोटी ही यायची नाही.

“ती नाही जन्मली इथे,” अण्णा खुर्चीतून म्हणाले. “इथली सात नंबर गॅलरीतून उडाली, खाली भाजीचा टेम्पो उभा होता त्यात जाऊन बसली. मी चपला घालून खाली उतरेपर्यंत टेम्पो निघून गेला. ही मी चिकनच्या दुकानातून आणली. पिंजऱ्यात होती, कापायला काढलेली. जादा जोडातले मोजे घातले तिला.”

मी विचारलं की हजार कोंबड्यांतून नेमकी हीच कशी मिळाली.

“नेमकी कुठली? अकरा दुकानं हिंडलो त्या दिवशी. त्याच्याआधी दहा महिने रोज संध्याकाळी फिरायला जातो म्हणून हेच करत होतो. दुकान दिसलं की पाय बघायचे. वाटलं होतं, तपासणीपर्यंत दहा मिळतील. एकच मिळाली.”

दहा महिने. मी हिशेब करायला लागलो आणि माझा हिशेब थेट त्या ‘हं’वर जाऊन थांबला.

“अण्णा, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?”

“चाळीस वर्षं पाय बघितले, जावईबापू. चार आणि पाच मला कळत नाही?”

“मग बोलला का नाहीत?”

अण्णांनी पहिल्यांदा माझ्या पायांवरून नजर वर आणली, अगदी तोंडापर्यंत. “बोललो असतो तर त्याच दिवशी सोडून दिलं असतंत तुम्ही,” ते म्हणाले.

ते खरं होतं. बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला म्हणून आत गेली. तिथे भांडं बराच वेळ वाजलं नाही.

अधिकारी बाईंनी कागद भरला. नऊ पक्षी अपात्र. एक मादी, शुद्ध राखपायी. शेवटच्या रकान्यात ‘संवर्धनकार्य पूर्ण / अपूर्ण’ असं छापलेलं होतं. त्यांनी ‘पूर्ण’ खोडलं. एकटी मादी म्हणजे जात नव्हे, त्या म्हणाल्या, पण जिवंत मादी आहे म्हटल्यावर वहीही बंद करता येत नाही. एक वर्षाची मुदत दिली. तेवढ्यात शुद्ध कोंबडा मिळाला तर पुढचं पुढे. पाळणाऱ्याचं नाव काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी अण्णांकडे बोट केलं आणि अण्णांनी माझ्याकडे. बाईंनी दोन्ही नावं लिहिली आणि शिक्का मारला. शाई थोडी पसरली. मी तरीही तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

मला वाटलं होतं, आता नऊच्या नऊ कोंबड्या माझ्या दारात परत येतील. एकही आली नाही. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या की नापास झालं म्हणून मूल शाळेतून काढायचं नसतं. काकू नव्या मोज्यांच्या मागे लागल्या, या वेळी पाच बोटांच्या. सेक्रेटरींनी कोंबड्यासाठी वेताची नवी टोपली आणली. पैदासतज्ज्ञाला मी नोंदणीकृत पत्र पाठवलं. ते ‘पत्त्यावर कोणी राहत नाही’ या शेऱ्यासह परत आलं. शेऱ्यावरचा शिक्का मात्र खरा होता.

प्रमाणपत्र फ्रेममध्ये घालून मी खिळ्याला लावलं. ‘अपूर्ण’ हा शब्द दारातून आत आल्याबरोबर वाचता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वर आले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि मी शरमेने खाली बघायला लागलो.

“बंद तर नाही ना लिहिलं,” ते म्हणाले. “चला. पिशवी घ्या आणि तो तराजू ठेवा घरीच.”

बाजारातल्या पहिल्या दुकानात दुकानदाराने मला ओळखलं. गेल्याच वर्षी मी त्याच्या वजनांवर शिक्के मारले होते. त्याने घाईघाईने काटा पुसला, तराजू माझ्याकडे वळवला आणि विचारलं, “साहेब, किती किलो?”

“किलो नको,” अण्णा म्हणाले. “पाय दाखव.”

ते पिंजऱ्यासमोर उकिडवे बसले. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि त्यातल्या दोघांनी मला नावानिशी ओळखलं. मी कोटाची बटणं सोडली, अण्णांच्या शेजारी खाली बसलो आणि मोजायला लागलो.